चाळीस रुपयांचा स्टड तुटला, मग बिल साडेचार हजारांचं का?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी गॅरेजच्या बिलाचा फोटो टाकला. त्यातल्या एका ओळीभोवती लाल गोल काढलेला: ‘तुटलेला स्टड काढणे – ४,५००’. तासाभरात खाली चाळीसेक मेसेज पडले. कुणी म्हणालं, सरळ लूट आहे. कुणी म्हणालं, सांगलीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात हा स्टड चाळीस रुपयांना मिळतो. एकानं तर ‘इझी-आउट’ नावाच्या दोनशे रुपयांच्या हत्याराची लिंकच चिकटवली आणि खाली अंगठा दाखवला.

मी गप्प बसलो, कारण दोन वर्षांपूर्वी मीही असंच बिल हातात धरून मिरज रोडला एका गॅरेजबाहेर तणतणत उभा होतो. काकांना उत्तर लिहायला घेतलं, ते ग्रुपवर मावेना, म्हणून इथं लिहितोय.

स्टड म्हणजे काय आणि तो असतो कुठं

इंजिनाचा खालचा जड भाग म्हणजे ब्लॉक. त्यावर झाकणासारखं बसतं ते हेड. आत जळलेला धूर हेडच्या कडेनं बाहेर पडतो. तो गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा ओतीव लोखंडाचा पंजा असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. हा पंजा हेडला घट्ट धरून ठेवायचं काम स्टड करतात. स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट. एक टोक हेडच्या भोकात आट्यांवर बसवलेलं, दुसरं बाहेर, त्यावर नट. बऱ्याच गाड्यांत हा स्टड ८ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे करंगळीपेक्षाही बारीक असतो.

एक गोष्ट इथंच लक्षात ठेवा. स्टड पोलादाचा असतो आणि हल्लीच्या बहुतेक गाड्यांचं हेड अॅल्युमिनियमचं. पुढची सगळी भानगड या जोडीमुळे होते.

एवढं पोलाद, मग तुटतं कसं?

बोल्ट हा खिळ्यासारखा नुसता आत बसलेला नसतो. नट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि ताणलेलं रबर जसं वस्तू आवळून धरतं तसा तो दोन भागांना धरून ठेवतो. म्हणजे तो एक अतिशय कडक स्प्रिंगच. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात, ते त्याच्या ताकदीचे. ८.८ दर्जाचा आठ मिलिमीटरचा बोल्ट सरळ ओढून तोडायचा तर साधारण तीन टनांचा ओढा लागतो.

पण पिळायला गेलं तर तोच हातानं तुटतो. ऊस आठवा. दोन माणसांनी दोन टोकं धरून ओढला तर काही होत नाही, गुडघ्यावर घेऊन वाकवला आणि पिरगळला की कट्‌.

मॅनिफोल्डच्या स्टडचं आयुष्य तर फारच वाईट. चाळीस सेंटिमीटर लांबीचा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड चारशे अंशांनी तापला तर जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर लांबतो. शेजारचं हेड पाण्यानं थंड राखलेलं असतं, ते पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. उरलेल्या एक मिलिमीटरची ओढाताण स्टडवर येते, त्यातही कडेच्या दोघांवर जास्त. गाडी तापली की वाकायचं, निवली की सरळ व्हायचं, रोज. वायर पुढंमागं वाकवून तोडतो तसंच हे, फक्त वर्षानुवर्षं चालतं. म्हणून कडेचे स्टड आधी जातात. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तो जातो, तेव्हा पुष्कळदा हेच झालेलं असतं. फटीतून धूर फुसफुसतो, तापून धातू फुगला की फट बुजते.

यात पाणी शिरलं की गंजाची भर. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. गच्च भरलेल्या बरणीत हरभऱ्याची डाळ भिजत घालून झाकण लावा, सकाळी झाकण फिरतंय का बघा. आट्यांच्या फटीत गंज असाच फुगतो. शिवाय पोलाद, अॅल्युमिनियम आणि मध्ये ओल, ही एक छोटी बॅटरीच झाली. त्यात अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत सिमेंटसारखी बसते. माझी गाडी २०१९ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवस पुरात होती. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नंतर गाडी धुतली, तेल बदललं, सीट वाळवल्या. बोल्टांच्या आट्यांत काय बसलंय हे कोण बघतं?

मेस्त्रीनं जोर लावला म्हणूनच तुटला ना?

हो आणि नाही.

नट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला ढोबळमानानं दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो. निम्मा जोर नटाच्या बुडाशी घासण्यात संपतो आणि चाळीसेक टक्के आट्यांमध्ये घासण्यात. हे नव्या, स्वच्छ बोल्टाचं गणित. आटे गंजले की हे घासणं कित्येक पट वाढतं. मग आपण पान्यावर लावलेला सगळा जोर स्टडला पिळण्यात जातो. नट आणि स्टड एकजीव झालेत, बूड हेडमध्ये रुतलंय, फिरायला जागा नाही. मधल्यामध्ये मान मोडते.

म्हणून पान्याला तीन फुटी पाइप घालणारा मेस्त्री दिसला की मला धडकी भरते. एका फुटाच्या पान्यावर आठ किलोचा जोर लावला तर आठ मिलिमीटरच्या नटाला तेवढं आवळणं पुरतं. तोच जोर तीन फुटांवरून लावला की तिप्पट होतो, आणि हाताला काही कळतच नाही. माझ्या गाडीचं असंच झालं. ज्या पहिल्या गॅरेजमध्ये गेलो होतो (नाव राहू दे) तिथल्या पोरानं पाइप घातला, एकदा ‘हं’ केलं, आणि स्टड हेडच्या पातळीत साफ मोडला. वर चिमटीत धरायला काही उरलं नाही.

पण नीट काम करणाऱ्याच्या हातूनही जुना स्टड तुटतो. आतून आधीच तडकलेला असेल तर कुणीही हात लावला तरी तो मोडणारच.

तेल सोडून रात्रभर ठेवलं तर?

ठेवावंच. फक्त त्यातून चमत्काराची अपेक्षा नको. आपल्याकडे डब्ल्यूडी-४० चा जो निळा-पिवळा डबा सर्रास फवारतात त्याच्या नावातले डब्ल्यू आणि डी हे ‘पाणी हटवणारं’ या अर्थाचे आहेत आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. ते १९५३ साली अमेरिकेत बनलं तेच मुळात पाणी हटवून गंज टाळायला. रुतलेला बोल्ट सोडवण्यासाठी गंजात झिरपणारी वेगळी तेलं मिळतात, ती जास्त उपयोगी. तरी हेडमधलं भोक पुष्कळदा आंधळं असतं, म्हणजे आरपार नाही. तेल एकाच बाजूनं जाणार, आणि गच्च गंजात ते किती खोल उतरणार?

तेलापेक्षा उष्णता भारी. ज्यांनी लहानपणी लोहाराकडे बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. लोखंडी धाव लालबुंद करायची, ती मोठी होते, लाकडी चाकावर अलगद बसते, मग पाणी ओतलं की आवळते. भोकाचंही तेच. धातू तापला की भोक लहान होत नाही, मोठं होतं. त्यात अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे हेड तापवलं की भोक स्टडला सैल सोडतं. आणि या ताप-निवण्यात गंजाची पकड तडकते, तेव्हा तेलाला वाट मिळते.

दोनशेचं इझी-आउट घेऊन घरी काढला तर?

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त सत्यानाश इथंच होतो.

इझी-आउट म्हणजे उलट्या पिळाचा, टोकाकडे निमुळता, कडक पोलादाचा खुंटा. तुटलेल्या स्टडच्या मध्यभागी भोक पाडायचं, हा खुंटा त्यात ठोकायचा आणि उलटा फिरवायचा. तो रुततो आणि तुकडा फिरवून बाहेर आणतो. कागदावर सुंदर. आता विचार करा. आठ मिलिमीटरचा स्टड जिथं पान्याच्या जोरानं मोडला, तिथं तीन-चार मिलिमीटरचा खुंटा तोच जोर कसा सोसणार? शिवाय निमुळता खुंटा आत जाताना स्टडला आतून फुगवतो, म्हणजे जाम झालेला तुकडा आणखी जाम करतो. आणि हे हत्यार जेवढं कडक तेवढंच ठिसूळ, ते वाकत नाही, तुटतं. तुटल्यावर भोकात जे उरतं त्यावर साधा ड्रिल नुसता चकाकी आणतो.

पहिल्या गॅरेजमध्ये माझ्या गाडीत हेच झालं. स्टड तुटला तेव्हा अर्ध्या दिवसाचं काम होतं, त्यात इझी-आउट तुटलं आणि दीड दिवसाचं झालं.

तुकडा सैल असेल, जाम न होता नुसता मोडला असेल, तर इझी-आउट चालतं. गंजलेल्यात नाही. सेटवर ‘इझी’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका.

मग काढतात कसा?

माझी गाडी ओढून नेली ती एका वयस्कर मेस्त्रीकडे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि पोराला चहा सांगितला. मी विचारलं, “चाचा, तुकडा निघंल का?”

“तुकडा गेला खड्ड्यात, सर. मला भोक वाचवायचंय.”

या एका वाक्यात सगळ्या बिलाचा खुलासा आहे. तुकड्याला काही किंमत नाही. भोकातले अॅल्युमिनियमचे आटे शाबूत राहिले तर चाळीस रुपयांत काम भागतं. ते गेले तर दुरुस्ती, आणि भोक भलतीकडे फाटलं तर हेडच उतरवायची वेळ. हेड उतरवलं की नवं गॅस्केट (दोन भागांमधली फट बुजवणारा पातळ पत्रा) आलं, कूलंट आलं, टायमिंगच्या साखळीची किंवा पट्ट्याची खोलबांधणी आली. बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट मुद्दाम लवचिकतेच्या हद्दीपलीकडे ताणलेले असतात, ते पुन्हा वापरता येत नाहीत, म्हणजे तेही नवे.

चाचांनी आधी इझी-आउटच्या तुकड्यावर टोकदार पंच ठेवून हातोडीचे बारीक, खडे ठोके दिले. ठिसूळपणाचा तेवढा फायदा: ते खडीसाखरेसारखं फुटलं. खडे चुंबकानं वेचले. मग गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, वेल्डिंगची अर्थ हेडलाच जवळ लावली. (‘वेल्डिंगनं गाडीचा कॉम्प्युटर जळतो’ ही भीती निराधार नाही, पण ती या दोन गोष्टी न करणाऱ्यांसाठी.) तुटक्या तोंडावर वायसर, वायसरवर नट, आणि नटाच्या भोकातून सीओटू वेल्डिंगनं आत ठिणगी. पोलादाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला न चिकटता नट फक्त स्टडला चिकटतो. शिवाय स्टड आतून लाल होतो. फुगायला जागा नसते म्हणून तो स्वतःतच दाबला जातो, आणि निवताना आकसून गंजापासून सुटतो. नटापेक्षा या उष्णतेचं काम मोठं.

पहिला नट तुटला. दुसराही. चाचांनी मान वर केली नाही. तिसरा लावला, लाली जाऊन काळा पडेपर्यंत थांबले, आणि खिशातून देवघरातली असते तसली पांढरी मेणबत्ती काढून स्टडच्या बुडाशी टेकवली. मेण वितळलं, सुर्रकन आत ओढलं गेलं, धुराची रेघ निघाली. मग पाना लावला आणि आधी आवळण्याच्या दिशेनं केसभर फिरवला. मग सोडण्याच्या. कर्र आवाज आला. पुन्हा आवळला, पुन्हा सोडला. हलवून खुंटा बळकट करतात, इथं हलवून सैल करणं चाललं होतं. मी घड्याळ बघत होतो: पहिला पूर्ण फेरा व्हायला पंचवीस मिनिटं. त्यानंतर तो बोटांनी निघाला. आट्यांत पांढरी भुकटी आणि, मी शपथेवर सांगतो, कृष्णेचा वाळलेला गाळ.

ड्रिल मारून मोकळं का होत नाहीत?

वेल्डिंगला जागाच नसली तर मारतात. पण आकडे बघा. आठ मिलिमीटरच्या स्टडच्या आट्यांचा पीळ सव्वा मिलिमीटरचा, आणि आट्याची खोली पाऊण मिलिमीटरच्या आसपास. हा आटा पाडायला मुळात ६.८ मिलिमीटरचं भोक असतं. म्हणजे बरोबर मध्यात ६.८ चा ड्रिल मारला तर स्टडचा गाभा निघून जातो आणि आट्यांत तारेसारखं वेटोळं उरतं, ते सुईनं उचकून काढता येतं. पण ड्रिल नखाच्या जाडीएवढा जरी सरकला तरी एका बाजूचे अॅल्युमिनियमचे आटे खाल्ले जायला सुरुवात.

आणि तो सरकतोच. मोडलेलं तोंड ओबडधोबड, स्टड कडक, शेजारचं अॅल्युमिनियम मऊ. नांगराचा फाळ दगडाला लागला की बाजूच्या भुसभुशीत मातीत सरकतो, तसंच. (इथून जवळच किर्लोस्करवाडी, लोखंडी नांगरांसाठी १९१० साली माळावर वसवलेली. फाळ का सरकतो हे आमच्या भागात निराळं शिकवावं लागत नाही.) त्यामुळे जाणता मेस्त्री आधी तोंड सपाट करतो, मध्य पंचानं खुणावतो, लेथवाल्याकडून ड्रिलला वाट दाखवणारा बुश करून घेतो, बारीक ड्रिलनं सुरू करतो. उलट्या दिशेनं कापणारे ड्रिल मिळतात, ते सगळ्यात छान. कापता कापताच तुकडा सुटून बाहेर येतो कधी कधी.

हेही नाही जमलं तर ठिणगीनं खोदणारं यंत्र. विजेच्या हजारो बारीक ठिणग्या धातू कणाकणानं उडवतात, हत्यार टेकतसुद्धा नाही, त्यामुळे तुकडा किती कडक याला महत्त्व नाही. लाझारेंको नावाच्या सोव्हिएत नवरा-बायकोनं १९४३ च्या सुमारास ही युक्ती काढली. साचे बनवणाऱ्या कारखान्यांत ही यंत्रं असतात, पण बहुतेक ठिकाणी हेड उतरवून टेबलावर न्यावं लागतं. म्हणजे खर्च आलाच.

आटे गेलेच तर हेड वाया?

नाही. हेलिकॉइल बसवतात. भोक थोडं मोठं करून, त्याला खास टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून, आत स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग बसवायची. तिच्या आतल्या बाजूला मूळ मापाचेच आटे मिळतात, स्टड तोच. हे जुगाड नाही. मऊ धातूवर पोलादी आटे मिळाल्यानं जोड आधीपेक्षा मजबूत होते, आणि विमानांच्या इंजिनातही हे वापरतात. उलट ‘मोठं भोक पाडून जाडा बोल्ट ठोकतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. शेजारी पाण्याची वाट किती जवळ आहे ते बाहेरून दिसत नाही.

एक स्टड नसला तर काय बिघडतं?

आज काही नाही. फटीतून गरम धूर निघतो, शेजारच्या वायरी आणि रबरी नळ्या भाजतात, टर्बो असेल तर दाब कमी पडतो, गाडी ओढत नाही. उरलेल्या स्टडवर ताण वाढतो, मग पुढचा मोडतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, आणि बॉनेटखालची हवा एसीच्या वाटेनं आत येऊ शकते. मुलं मागं बसत असतील तर ‘चालतंय तोवर चालू दे’ करू नका.

नवा बसवताना

हा भाग पाच मिनिटांचा, पण इथंच पुढच्या वेळचं बिल ठरतं. भोक वाऱ्यानं साफ आणि कोरडं हवं. आंधळ्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून स्टड आवळला, तर दाबलं न जाणारं ते पाणी हेडला तडा देऊ शकतं. स्टड हातानं शेवटपर्यंत जायला हवा. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा, पण मग नट कंपनीनं सांगितलेल्या पूर्ण मापानं आवळू नका, थोडा कमी. कारण मघाचं गणित: घासणं कमी झालं की त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

पैसे कुणी द्यायचे?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. जुना, गंजलेला स्टड सोडवताना तुटला तर तो गाडीमालकाचा. पण मेस्त्रीनं हात लावण्याआधी ‘तुटू शकतो, तुटला तर एवढे लागतील’ हे सांगायला हवं. त्यानंतर त्याचं इझी-आउट आत तुटलं किंवा ड्रिल भलतीकडे गेला, तर तो खर्च त्याचा. पहिल्या गॅरेजवाल्यानं मला फक्त पहिल्या दिवसाची मजुरी सोडली, मी भांडलो नाही.

चाचांचं बिल ४,२०० चं झालं. आठ स्टड, कारण एक गेला की बाकीच्यांचं वयही तेच: ३२०. गॅस्केट ६८०. मजुरी ३,२००, दीड दिवसाची. तेव्हा जास्त वाटली होती.

हे सगळं थोडक्यात काकांना फोनवर सांगितलं आणि म्हटलं, एवढंच विचारा की भोक शाबूत आहे ना, का हेलिकॉइल टाकलंय. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: “शाबूत आहे म्हणे. पण मागच्या पानावर मेणबत्तीचे दहा रुपये लावलेत, ते कसले?”